शेवटची जंबो आणि दांडीचा आरसा

भाऊ, दोन शब्द लिहून आण असं आपल्या पाळीच्या नलावडेंनी सांगितलंय. येत्या रविवारी लोणावळ्यात आपल्या हँगरमधली निवृत्त मंडळी तुमच्यासाठी जमणार आहेत. प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं, चांगलंचुंगलं आठवायचं, मग चहा आणि बटाटेवडे. "तू मोजकं लिही शैला, तुझी गाडी एकदा सुटली की थांबत नाही," असंही वर म्हणाले. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मी चार वेळा लिहायला बसून चार वेळा उठलेय. एकदा दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठले, एकदा गच्चीवरचे कपडे काढायला उठले. कपडे वाळत घातलेलेच नव्हते.

मोजकं लिहायचं तर एका वाक्यात होईल. तो दांडीचा आरसा तुम्ही विमानात विसरला नव्हता, मी खोटं बोलले. झालं. पण एवढंच लिहून पेन खाली ठेवलं तर तुम्हीच खिडकीवर कोपर टेकून म्हणाल, "आगं, नीट सांग की. कुटनं काय काडलं, कुटं काय लावलं, समदं लिवाय लागतंय." तुमच्या कामाची रीतच ती होती. म्हणून पहिल्यापासून सांगते. मधेच रडले तर तेवढं चालवून घ्या.

मी टूल स्टोअरला लागले तेव्हा त्या खिडकीत पहिल्यांदाच बाई बसली होती. मुंबईचं ते विमान दुरुस्तीचं अवाढव्य हँगर, सगळे पुरुष, आणि मी लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याची मुलगी. पद्धत साधी होती. प्रत्येकाकडं त्याचा नंबर कोरलेले पितळी बिल्ले. पाना हवा तर बिल्ला द्यायचा, मी तो पान्याच्या रिकाम्या खुंटीला अडकवायचा. पाना परत आला की पाना खुंटीवर आणि बिल्ला ज्याचा त्याला. पाळी संपताना एकाही खुंटीवर बिल्ला दिसला तर विमान हलायचं नाही, कारण आत विसरलेला पाना हवेत गेल्यावर कशात जाऊन अडकेल याचा नेम नसतो. पण माणसं काय करायची, तर पाने खिडकीवर आदळायची, "घे गं" म्हणायची आणि आपणच आत हात घालून बिल्ला काढून घ्यायची. मी ओरडले की हसायची.

तुम्ही तिसऱ्या की चौथ्या दिवशी आलात. रिव्हेटगन ठेवलीत आणि उभेच राहिलात. मागं रांग लागली. मी म्हटलं, अजून काय पाहिजे? तर म्हणालात, "जमा म्हन." मला कळेना. "तू जमा म्हनल्याबिगर मी हितनं हालनार न्हाई. तू म्हनलीस तर परत आलं. न्हाई म्हनलीस तर न्हाई आलं." मागचे चेष्टा करायला लागले, तुम्ही ढिम्म. शेवटी मी कसंबसं म्हटलं, रिव्हेटगन जमा. तुम्ही मान डोलावलीत, बिल्ला घेतलात आणि चालू लागलात. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. महिन्याभरात अख्खी पाळी माझ्या त्या एका शब्दासाठी खिडकीवर थांबायला लागली. माझ्या बापानंही मला एवढा मान दिला नव्हता भाऊ. त्याचं सगळं लक्ष गुळाच्या पाकाकडं असायचं.

सुट्टीला आपण एकाच गाडीनं घाट चढायचो. मी लोणावळ्याला उतरायचे, तुम्ही तिथून पुण्याची लोकल धरून पुढच्याच स्टेशनला, मळवलीला, आणि तिथून चालत भाज्याला. गाडीत तुमचं एकच पुराण, थोरलीचं, म्हणजे तुम्ही आणलेल्या जंबो विमानाचं. तुम्ही ऐन तरुण असताना कंपनीनं नवी जंबो आणायला तुम्हाला परदेशातल्या कारखान्यात पाठवलं होतं. "रंग द्यायच्या आदी हिरवी असती गं ती," म्हणायचात. "भात पोटरीला आल्यावर शिवार दिसतं ना, तशी." थंडीनं ओठ फुटलेले, तिथलं जेवण घशाखाली उतरत नव्हतं, आणि तुम्ही दिवसभर तिच्या अंगावरून हात फिरवत पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट तपासत होतात. एक तिरका सापडला. तिथल्या कारागिराला बोलावून तो काढायला लावलात. भाषा येत नव्हती, नुसतं बोट ठेवून उभे राहिलात. मग तीच नवीकोरी, प्रवाशांशिवाय, घेऊन आलात. येताना चारशे रिकाम्या खुर्च्या सोडून तुम्ही मधल्या वाटेत घोंगडी टाकून झोपला होतात. "खुर्चीत झोप येती व्हय?"

पुढं एकदा मोठी दुरुस्ती झाल्यावर चाचणीच्या उड्डाणाला तुम्हाला थोरलीत बसवलं. ती घाटावरून वळली. विसापूरचा किल्ला दिसला, त्याच्या पायाशी भाजं असणार म्हणून तुम्ही काचेला नाक लावलंत, तोवर ढग आला. घरी जाऊन आईला सांगितलंत की मी आज आपल्या घरावरनं गेलतो. आई म्हणाली, "मंग जेवाया का न्हाई उतारलास?" ही गोष्ट तुम्ही मला वीस वेळा तरी सांगितलीत आणि मी विसाव्यांदाही तेवढीच हसले.

थोरलीचं पुढं काय झालं ते मात्र एकदाच सांगितलंत. विमानं म्हातारी झाली की काय होतं हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं पाण्याचे फवारे उडवून निरोप देतात, फोटो काढतात. एखादीच्या नशिबात तसं असतंही. पण ही चार इंजिनांची धुडं तेल फार पितात. दोन इंजिनांची नवी आली की यांना कोण विचारतंय. आधी लांबचे मार्ग जातात, मग गर्दीच्या दिवसांतल्या जादा फेऱ्या तेवढ्या उरतात, आणि एक दिवस दुरुस्तीला आत आलेलं विमान पुन्हा बाहेर जातच नाही. हँगरमागं नेऊन उभं करतात. दुसऱ्या जंबोला पंप हवा, हिचा काढा. दार हवं, हिचं काढा. थोरलीला सोलायचं काम नेमकं तुमच्याच हातात आलं. दोन वर्षं तुम्ही तिचे भाग काढत होतात आणि तिच्या बहिणींना बसवत होतात. मग तुम्ही भातलावणीला आठ दिवस रजेवर गेलात. परत आलात तर हँगरमागं नुसता तेलाचा डाग. भंगारवाला कंत्राटदार येऊन कापून घेऊन गेला होता. नारळ नाही, हार नाही, कुणी हात जोडले नाहीत. "इकलेल्या म्हशीला बी कुकू लावून धाडत्यात," म्हणालात आणि डबा न उघडताच परत पिशवीत ठेवलात.

बाकीच्याही एकेक करून गेल्या. शेवटी उरली तिला तुम्ही "पाटाची" म्हणायचात, कारण ती आधी दुसऱ्या देशातल्या कंपनीत नांदून मग आपल्याकडं आली होती. मोठ्या दुरुस्तीला रंग खरवडला की आपल्या रंगाखालून जुन्या सासरची निळी अक्षरं वर यायची. सुरुवातीला तुम्हाला ती आवडायची नाही. दुसऱ्यानं ठोकलेले रिव्हेट बघून कपाळाला आठ्या. पण थोरलीचे कितीतरी भाग तुम्ही तिच्याच अंगात बसवले होते. पुढं पुढं तिला कुणी खटारा म्हटलं की तुम्ही ताटावरून उठून जायचात.

तिचंही जायचं ठरलं. परदेशात कुठल्याशा आवारात नेऊन तिला कापणार होते. निघायची वेळ आली खंडेनवमीची, सकाळी सात. आता खंडेनवमी म्हणजे आपल्या हँगरचा खरा सण. दिवाळीला माणसं रजा घ्यायची, खंडेनवमीला रजेवरची माणसं कामावर यायची. माझ्या स्टोअरमधले सगळे पाने, हातोड्या, रिव्हेटगन टेबलावर मांडायच्या, हळदकुंकू, झेंडू, आणि दहा वाजता आत उभ्या असलेल्या प्रत्येक विमानाच्या पुढच्या चाकाला हार. पाटाची तीन तास आधीच निघून जाणार होती. साहेबांना विचारून झालं. वैमानिक येऊन थांबलेत, वेळ बदलणार नाही, असं उत्तर आलं. आदल्या दिवशी, अष्टमीला, कँटीनमध्ये हात धुवायला उठताना तुम्ही म्हणालात, "थोरली बी तशीच गेली. हिला तरी हार घालून धाडली आस्ती." कुणाला उद्देशून नव्हतं ते. तुमचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. मी समोरच बसले होते आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

अडीच वाजता तुम्ही खिडकीवर आलात. उडाल्यावर चाकं जिथं आत ओढली जातात त्या पोकळीची शेवटची पाहणी करून आला होतात. हातात फटीआडचं बघायचा आरसा, दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा, पण हातभर दांडीचा. तो खिडकीवर ठेवलात आणि नेहमीसारखे उभे राहिलात. मी आरसा हातात घेतला आणि म्हटलं, "भाऊ, मोजणीत आहे, बिल्ला उद्या घ्या ना." तुम्ही जरा घुटमळलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द न ऐकता निघालात, कारण कॉलनीची बस सुटत होती, आणि कारण खिडकीत मी होते. दुसरं कुणी असतं तर बस सोडली असतीत.

आरसा मी माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला. बेत काय होता ते सांगते, हसायचं तर हसा. मोजणीत आरसा कमी भरला की विमान सकाळी निघणार नाही. दहाला पूजा, हार, नारळ. साडेदहाला मी कपाळावर हात मारून म्हणणार, अगं बाई, खणाच्या मागं पडला होता की. मला चार शिव्या, पाटाचीला हार, आणि तुम्हाला थोरलीपासून जे लागून राहिलं होतं त्याची भरपाई. विमानाच्या कारभारात एवढी वर्षं काढून मी असला पोरकट विचार केला. चिक्कीच्या दुकानात वाढलेली ना मी. तिथं हरवलेलं वजन पोत्याखाली सापडलं की विषय संपतो.

इथं संपला नाही. तासाभरात क्वालिटीचे, म्हणजे तपासणी खात्याचे, साहेब येऊन बसले. त्यांनी आपल्या माणसांकडून स्टोअरचा कोपरान्‌कोपरा तपासून घेतला आणि दाराला सील लावलं. बाईची डब्याची पिशवी तेवढी कुणी उघडली नाही. आता आरसा स्टोअरमध्ये सापडला असता तर मीच लपवला हे उघड झालं असतं. माझ्याकडून लिहून घेतलं, आरसा परत आला नाही. मी सही केली. मग तुम्हाला कॉलनीतून बोलावून आणलं. घरातल्या चपलांवर आलात. "दिलता की गं मी," म्हणालात. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणालात, "दिला ना?"

त्या वेळी साधं हो म्हणता आलं असतं मला. नोकरी गेली असती, जाऊ दे. त्याऐवजी मी काय विचारलं ते तुम्ही जन्मभर विसरला नसाल. मी विचारलं, "भाऊ, मी जमा म्हटलं का?"

तुम्ही खाली बघितलंत. बराच वेळ आठवत राहिलात. आणि म्हणालात, "न्हाई. न्हाई म्हनलीस."

मला उभं करण्यासाठी तुम्ही जो नियम केलात तोच मी तुमच्यावर फिरवला. साहेबांनी ते लिहून घेतलं. तुम्ही खाली सही केलीत.

खंडेनवमीला पाटाची हँगरमध्येच होती, माझ्या मनासारखं. निम्मी पाळी तिच्या पोटाखाली बॅटऱ्या घेऊन आरसा शोधत होती. दहाला पूजा झाली. हार तुम्हीच घाला म्हणून मी सगळ्यांना भरीला पाडलं. तुम्ही वाकून पुढच्या चाकाला हार अडकवलात आणि तेवढ्यातसुद्धा तुमचे डोळे चाकामागच्या फटीत आरसा शोधत होते. ज्या एका घडीसाठी मी हा सगळा उद्योग केला ती तुम्ही बघितलीच नाहीत. दुपारी मंडळी जेवायला गेली तेव्हा मी शोधायच्या निमित्तानं शिडी चढले आणि चाकांच्या पोकळीतल्या एका कडेवर आरसा ठेवून उतरले. अर्ध्या तासात सापडला. नलावडेंनाच सापडला. त्यांनी आनंदानं हाक मारली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कालची पाहणी कुणाची होती. तेव्हापासून तुम्हाला वाटत होतं की नलावडे तुम्हाला टाळतात. ते टाळत नव्हते हो, त्यांना लाज वाटत होती. माझ्या वाटणीची लाज त्यांनी वागवली.

पाटाची दसऱ्याला गेली. हार नियमाप्रमाणे काढून घेतला होता. विमान उडायला ठीक आहे अशी सही करायचा तुमचा अधिकार काढून घेतला आणि निवृत्तीपर्यंतचे सात महिने तुम्ही कागदांच्या खोलीत फायली लावत काढलेत. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, एक चूक वगळता निष्कलंक सेवा. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी मीही मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि बापाच्या गादीवर येऊन बसले. तुम्ही भाज्याला, मी लोणावळ्याला, एकाच स्टेशनाचं अंतर. सहा वर्षांत बारा-तेरा वेळा तुमच्याकडं आले असेन. दर खेपेला शेंगदाण्याची चिक्की आणि पोटात हे वाक्य. चिक्की ठेवून यायचे, वाक्य परत घेऊन यायचे. आधी, नोकरीत असताना, तुम्ही सुट्टीला आलात की अंगणात कुणाचा तरी पंप उघडलेला असायचा, नाहीतर लेणी बघायला आलेल्या एखाद्या पुणेकराची बंद पडलेली गाडी. मी पहिल्यांदा आले तेव्हा शेजारचा एकजण पंप घेऊन आला होता, त्याला तुम्ही परत पाठवलंत. "दुसरीकडं ने बाबा. माज्या हातावर भरवसा न्हाई ऱ्हायला." पुढच्या खेपेला मोटारसायकल विकलेली. मग घराची किल्ली वहिनींच्या कमरेला. मग वहिनींनी गॅस बंद केला की तुम्ही आतून विचारायचात, "जमा का?" आणि त्या शेगडीपाशी उभ्या राहून म्हणायच्या, "जमा." तळेगावला डॉक्टरला दाखवून आलात. त्यानं डोक्याचा फोटो काढला, उलटसुलट प्रश्न विचारले आणि सगळं ठीक म्हणाला. तुम्ही मला सांगितलंत, "डॉक्टर म्हनतो काय बी न्हाई. म्हंजी लय आतलं आसंल, त्येला बी दिसंना." वहिनी हसल्या, मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या आजाराचं कारण तुमच्यासमोर बसून पोहे खात होतं.

खरं बोलायच्या ऐवजी मी भांडण काढायचे. लोणावळ्यातल्या एका हॉटेलवाल्याला पाटाची हवी होती. हमरस्त्याकडेला तिचा सांगाडा उभा करून आत टेबलं मांडायची असा त्याचा विचार होता, पण ते जमलं नाही. मी म्हणायचे, आणायला पाहिजे होती, येताजाता डोळ्यांना दिसली असती. तुम्ही भडकायचात. "आमची लेनी बगितलीस ना? दोन हजार वर्सांची. त्येच्यावर बी शनवार-रविवारची पब्लिक बदाम काडून नावं कोरती. माज्या रिव्हेटीवर कुनी पिंकी न् बंटी कोरल्यालं मला न्हाई चालायचं. कापली त्ये लय बेस झालं." मी म्हणायचे, कापून काय उरलं, पत्रेच ना? "पत्रं तर पत्रं. इज्जतीत गेली." अशी तासभर जुंपायची. तेवढा तास तुम्ही जुने भाऊ असायचात, म्हणून मी मुद्दाम तोच विषय काढायचे.

शेवटचं आले ते तुम्ही जायच्या तीन आठवडे आधी. मी सवयीनं म्हटलं, काय भाऊ, आणायला पाहिजे होती की नाही पाटाची? तुम्ही अंगणात खुर्चीवर बसला होतात, विसापूरकडं तोंड करून. भांडला नाहीत. म्हणालात, "व्हय. आनाया पायजे व्हती. तू म्हनत व्हतीस त्येच खरं." मी चमकून बघितलं. "हितं आस्ती तर मी रोज गेलो आस्तो. त्या चाकाच्या पोकळीत हुभा ऱ्हायलो आस्तो. आरसा कंच्या हातात व्हता, कुटं टेकवला, खाली कसा उतारलो. जाग्यावर हुभं ऱ्हायल्याबिगर आटवत न्हाई मला. सा वर्सं आटवतुया, शैले."

मी उठले. लोकल चुकेल म्हणाले. लोकलला पाऊण तास होता, तो मी मळवलीच्या बाकावर बसून काढला. समोरून तुमच्या घराकडं जाणारा रस्ता दिसत होता. दोनदा उठले आणि दोनदा बसले.

आणि मग तुम्ही गेलात.

परवा भाज्याला गेले. तेराव्याची माणसं निघून गेली होती. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच, पिशवीपासून शिडीपर्यंत. सुपातला हात थांबला.

"म्हंजी डोस्कं ठीक व्हतं त्यांचं," त्या म्हणाल्या.

"हो."

"काय बी झालं नव्हतं."

"नव्हतं, वहिनी."

त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "सा वर्सं मी त्यांच्या मागं मागं हिंडले. हिरीवर एकलं जाऊ दिलं न्हाई. नातू झाला त्यो हातात दिला न्हाई, इसरून कुटं ठिवत्याल म्हनून. मागायचे गं. हात म्होरं करून बसायचे. मी द्यायची न्हाई."

मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागं घेतले. "मला काय सांगतीस? माजी माफी घिऊन काय करशीला? त्यांना सांग. आन ज्यांच्याम्होरं त्यांची मान खाली गेली त्यांना बी सांग. तोंडानं सांग, समद्यांच्यात." मग सूप पुन्हा पुढं ओढलं. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघाले.

तेव्हा नलावडे, हे पाच मिनिटांत बसणार नाही, आणि चांगलंचुंगलंही नाही. रविवारी मी हे सगळं वाचणार आहे. सगळी पाळी असेल, साहेबही पुण्याहून येणार आहेत म्हणे. वहिनींना निरोप धाडलाय. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत. मला भीती वाटते भाऊ. आणि खरं सांगू का, तुमचा रागही येतो. सहा वर्षांत एकदा तरी विचारायचं होतंत, शैले, तूच तर नाही ना लपवलास? मी तिथंच कोसळले असते, सगळं सांगून मोकळी झाले असते. तुम्ही स्वतःच्या डोक्यावर संशय घेतलात, पण माझ्यावर नाही. त्या खिडकीतल्या पोरीला तुम्ही एक शब्द दिलात आणि तिनं तो म्हटला नाही तर आपणच चुकलो असं धरून चाललात. एवढा विश्वास ठेवतं का कुणी? तुमच्यासारखं मला कुणी मोठं केलं नाही. ते तुम्ही समोर होतात तेव्हा कधी बोलले नाही, तेही राहूनच गेलं.

आरशाच्या खुंटीवर राहिलेला तुमचा बिल्ला माझ्याकडं आहे. सहीचा अधिकार काढल्यावर तो ऑफिसात द्यायचा होता, मी दिला नाही. चिक्कीच्या डब्यात ठेवलाय आणि दर खंडेनवमीला चिंच लावून घासते. रविवारी तो तुमच्या फोटोपुढं ठेवीन, आणि मग वहिनींनी हात पुढं केला तर त्यांच्या हातात देईन.

आता नीट ऐका. खिडकीवर या. मागं रांग असू दे.

अष्टमी, दुपारचे अडीच. लांब दांडीचा आरसा, एक नग. काच शाबूत, दांडी सरळ. तुम्ही स्वतः आणून दिलात, मी माझ्या हातानं घेतला.

आरसा जमा, भाऊ. हा तुमचा बिल्ला. निघा आता.